जावईबापूंचं शटर

शटर या शब्दाचे दोन अर्थ होतात, हे हिंगणघाटात राहणाऱ्या माणसानं अंगणात मोठ्यानं बोलण्यापूर्वी लक्षात ठेवायला हवं. मी ठेवलं नाही. आमच्या घरात मोबाइलला रेंज येत नाही, त्यामुळे खासगी बोलायचं असलं की मी अंगणात जातो आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात खासगी बोलतो. त्या दिवशी पुण्याला असलेल्या आमच्या रोशनला, म्हणजे मुलाला, मी सांगत होतो, "शटर बरोबर उघडतं रे, पण बंदच होत नाही. सकाळपासून तसंच उघडं पडलं आहे."

शेजारचे रूपराव झाडांना पाणी देत होते. रूपराव निवृत्त वायरमन आहेत. ज्यानं उभं आयुष्य खांबावर काढलं त्याला खालच्या माणसांच्या अडचणी जास्त दिसतात, असं त्यांचं मत आहे. मी फोन ठेवायच्या आतच त्यांनी फोन लावला, आणि मी चहा संपवतो न संपवतो तोच फाटकाशी गुलाबभाऊ नावाचा माणूस उभा राहिला. हातात पिशवी, पिशवीत ग्रीसचा डबा.

"नमस्कार साहेब. रूपरावजीनं पाठवलं. कुठं हाये शटर?"

मला वाटलं, रूपरावांनी कॅमेऱ्याचा मेकॅनिक शोधला. माणूस शेवटी शेजारीच कामी येतो, असं बायकोला, छायाला सांगून मी कॅमेरा ताटात, मऊ फडक्यावर ठेवून बाहेर आणला. गुलाबभाऊनं ताटाकडे पाहिलं, मग माझ्या मागे घराकडे पाहिलं.

"हे?"

"हेच."

"अन् दुकान?"

"दुकान नाही, घर आहे."

"मंग शटर कायले लावलं? याच्यातून आत काय जाते?"

"उजेड," मी म्हणालो.

त्यानं काढलेली हातोडी हळूच पिशवीत परत ठेवली आणि दारात उभ्या असलेल्या छायाला विचारलं, "साहेबाले ऊन लागलं का जी?"

एवढ्या उन्हाचा आलेला माणूस रिकाम्या हातानं परत जात नसतो. त्यानं आमच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना भरपूर ग्रीस लावून दिलं. तेव्हापासून आमचं फाटक फुंकरीनंही उघडतं आणि समोरच्यांची शेळी आमच्याकडे पाहुणी येते. तिनं जास्वंद खाल्ली. कॅमेऱ्याच्या दुरुस्तीतलं हे पहिलं नुकसान.

आता कॅमेऱ्याविषयी. त्याचा इतिहास मी सांगणार नाही, कारण मी सांगायला लागलो की छाया उठून आत जाते आणि वाचकही जातील. एवढंच सांगतो की तो जपानी आहे, रोल घालायचा आहे, चामड्याच्या खोक्यात राहतो, आणि मी नोकरी पाटबंधारे खात्यात केली असली तरी लोक मला ओळखतात ते त्याच्यामुळे. वडनेरपासून हिंगणघाटपर्यंतच्या कितीतरी संसारांची सुरुवात या कॅमेऱ्यापुढे झाली. त्यातले काही संसार मोडले, फोटो अजून शाबूत आहेत. आता रोल फारसे मिळत नाहीत, म्हणून अधूनमधून मी तो रिकामाच चालवतो. नुसता आवाज ऐकतो. खट-खट असे दोन आवाज येतात, एक उघडल्याचा आणि एक मिटल्याचा. त्या सकाळी पहिला खट आला आणि दुसऱ्याची मी वाट पाहत राहिलो.

लोक म्हणू लागले, उमाटे साहेबांचा कॅमेरा बंद पडला. हे चूक होतं. तो उघडा पडला होता. बंदच तर होत नव्हता. पण असा बारकावा समजून घेण्याची आपल्याकडे पद्धत नाही. संध्याकाळपर्यंत बातमी थेट तळेगावला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला पोचली, कारण छाया आईशी फोनवर बोलते तेव्हा रेंज कशी कोण जाणे घरातही येते. लगेच आदेशचा, माझ्या मेव्हण्याचा फोन आला.

"भाऊजी, कॅमेरा गेला म्हणे."

'गेला' हा शब्द त्यानं अशा आवाजात उच्चारला की मी नकळत खुर्चीवर बसलो.

"गेला नाही. थोडा अडकला आहे."

"असू द्या, वाईट नका वाटून घेऊ. उमर झालती त्याची. यंदा अधिक महिना हाये, आई म्हणते धोंड्यात जवाईबापूले नवा कॅमेराच देऊन टाकू. डिजिटल. तो जुना भंगारवाल्याले देऊन टाका."

अधिक महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, अनारशांचं वाण द्यायचं, जावयाला काहीतरी वस्तू करायची आणि त्याला उठता येणार नाही इतकं जेवू घालायचं, हे धोंडजेवण आमच्याकडे फार निष्ठेनं पाळतात. यंदा अधिक महिना ज्येष्ठात, म्हणजे आमच्याकडचे कावळेही दुपारी बोलत नाहीत अशा दिवसांत आला होता. तरी जायला माझी ना नव्हती. पण भंगार हा शब्द मला लागला. माणूस निवृत्त झाला की हा शब्द त्याच्या आसपास फिरू लागतो. घरच्यांच्या तोंडी तो कॅमेऱ्यावर पडला की आज ना उद्या आपल्यावर पडणार हे दिसत असतं. मी ताठ बसलो आणि म्हणालो, "नवा मला नको. याच कॅमेऱ्यानं मी तुमच्या सगळ्या घराचा फोटो काढीन, मगच पाटावर बसेन. तोपर्यंत तळेगावात घास घेणार नाही. पाणीसुद्धा घेणार नाही."

"पाण्याचं कायले बोलले?" छाया म्हणाली. "मे महिना हाये."

पाण्याचं मी उगाच बोललो, हे मलाही तोंडातून शब्द गेल्याबरोबर कळलं होतं. पण बाणेदार बोलताना मध्येच दुरुस्ती करता येत नाही.

खरी भानगड पुढेच झाली. आपण ज्याला बाणा म्हणतो त्याला सासुरवाडीत वेगळा शब्द आहे. जावई धोंड्यात 'नको' म्हणाला, वर जेवणार नाही म्हणाला, याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो: जावई रुसला. आणि जावई रुसला म्हणजे दिलेली वस्तू त्याला लहान वाटली. पूर्वीचे जावई स्टोव्ह दिला की सायकलसाठी रुसत आणि सायकल दिली की रेडिओसाठी. त्या पुण्यवंतांनी जी वाट पाडून ठेवली आहे तिच्यावरून मी कितीही सरळ चाललो तरी पावलं त्यांचीच उमटणार. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा, भागीरथाबाईंचा स्वतः फोन.

"जवाईबापू, काई चुकलं का आमचं?"

"काही नाही, मामीजी."

"मंग काऊन रुसले?"

"मी रुसलो नाही."

"रुसलेला माणूस असाच म्हणते. आदेश म्हणे लहान कॅमेरा, मीच म्हटलं नाई, लग्नात वापरतेत तो लांब नळीवाला घ्या. आता तरी हो म्हना."

"मामीजी, मला कोणताच नको."

त्या फोन न ठेवताच कोणाला तरी म्हणाल्या, "कॅमेऱ्यावर भागत नाई रे बाप्पा जवाईबापूचं."

आता कॅमेरा दुरुस्त करणं हा नुसता कॅमेऱ्याचा प्रश्न राहिला नाही. धोंडजेवणाचा दिवस ठरला होता, माझा शब्द गेला होता, आणि शटर उघडं होतं. रूपराव रोज कुंपणावरून उपाय सांगू लागले. राकेल टाका, शेक द्या, आणि शेवटी, "माझा मोबाइल मोरीत पडला व्हता ना, त्याले मी तांदुळात ठेवला. दुसऱ्या दिवशी टणटणीत." मी म्हणालो, माझा कॅमेरा ओला झालेला नाही. ते म्हणाले, "तांदुळाले काय माहीत?" मी हसून विषय सोडून दिला, पण दुपारी मी झोपलो असताना रूपरावांनी छायाला पटवलं आणि जागा झालो तेव्हा माझा जपानी कॅमेरा तांदळाच्या डब्यात गळ्यापर्यंत बुडालेला होता. बाहेर काढून हलवला तर आत कणी वाजू लागली. ती कणी टाचणीनं काढण्यात माझी एक सबंध संध्याकाळ गेली. काढताना मी जे बोललो ते अंगणात बोललो नाही, एवढी खबरदारी घेतली.

मग रोशननं पुण्यात जुने कॅमेरे दुरुस्त करणारा एक माणूस शोधला. कुरिअरनं पाठवा म्हणाला. बसस्टँडच्या मागे एक कुरिअर आहे; मी कॅमेरा जुन्या उशीच्या कापसात नीट बांधून घेऊन गेलो. काउंटरवर एक मुलगी संगणकावर बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "वस्तू चालू का बंद?"

"बंद होत नाही," मी म्हणालो.

"म्हंजे चालू."

"चालू असता तर दुरुस्तीला कशाला पाठवला असता?"

"मंग बंद टाकते."

"बाई, बंदच तर होत नाही ना तो."

तिनं मान वर केली. माझ्या मागे रांग होती आणि रांगेतल्या लोकांनी आपापली मतं द्यायला सुरुवात केली. एका गृहस्थांनी माझी बाजू घेतली, पण त्यांना वाटत होतं की पंखा आहे. मुलगी समजूतदार होती. ती म्हणाली, "काका, याच्यात दोनच खाने हायेत. चालू असल तर बिल लागते. बंद असल तर बिल लागत नाई, पन तुमाले लिहून द्या लागते का वस्तू भंगार हाये, रस्त्यात काई झालं तर आमी जबाबदार नाई."

बिल असण्याचा प्रश्नच नव्हता. मी पेन हातात घेतलं. ज्या कॅमेऱ्यासमोर माणसं नवे कपडे घालून, भांग पाडून, श्वास रोखून उभी राहिली, तो भंगार आहे असं मी माझ्या सहीनं लिहून द्यायचं होतं. सरकारी नोकरीत मी कितीतरी न पटलेल्या कागदांवर सह्या केल्या आहेत. पण इथे हात उचलला नाही. मी पेन ठेवलं, उशी उचलली आणि घरी आलो. येताना मला हलकं वाटत होतं. काम काहीच झालेलं नव्हतं, तरी छाती भरून आलेली होती.

"लिहून द्याचं होतं," छाया म्हणाली. "कॅमेऱ्याले वाचता येते का?"

रोशननं मग दुसरी वाट काढली. "बाबा, दुरुस्तीपेक्षा दुसरा घेणं सोपं. तुमचंच मॉडेल ऑनलाइन जुनं मिळतं आहे. तळेगाववाल्यांना काय समजणार?" हा कट मला पसंत नव्हता, पण त्यानं मला न विचारता मागवून टाकला आणि खोकं आलं. कॅमेरा खरंच हुबेहूब होता. मी खटका दाबला. काहीच आवाज आला नाही. पुन्हा दाबला. याचं शटर उघडतच नव्हतं.

आता घरात दोन कॅमेरे झाले. एक उघडायचा तो मिटायचा नाही, दुसरा मिटलेला तो उघडायचा नाही. रूपरावांनी दोन्ही हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "दोघायले एका खोलीत ठेवून पाहा. जमलं तर जमलं."

परत पाठवायचं म्हटलं तर विकणाऱ्यांनी कळवलं, वस्तू चालत नसल्याचा व्हिडिओ पाठवा. मी छायाच्या मोबाइलवर शटरचा चांगला लांबलचक व्हिडिओ काढला. शटर हलतच नसल्यामुळे व्हिडिओतही काही हललं नाही. त्यांचं उत्तर आलं, तुम्ही फोटो पाठवला आहे, कृपया व्हिडिओ पाठवावा. मी पुन्हा काढला आणि या वेळी हलणारं काहीतरी असावं म्हणून शेजारी माझं बोट हलवलं. उत्तर आलं, वस्तूसोबत बोट पाठवण्यात आलेले नव्हते, सबब तक्रार अमान्य करण्यात येत आहे. मी तो विषय तिथेच संपवला.

तिकडे माझ्या प्रत्येक 'नको'बरोबर तळेगावात माझा भाव चढत होता. एका दुपारी आदेश टेम्पो घेऊन दारात. टेम्पोत एवढा मोठा कूलर की आमच्या दारातून तो आत येईना.

"भाऊजी, कॅमेऱ्याचा विषय सोडा. आई म्हणे, उन्हाळा हाये, हवा घ्या थंडी."

"आदेश, मला कूलर नको."

माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता. नकाराला घाम शोभत नाही, हे मला मान्य आहे. आदेशनं माझ्याकडे आदरानं पाहिलं. असा कसलेला रुसणारा त्यानं पाहिलेला नसावा. "समजलो," एवढंच म्हणून तो कूलर तसाच परत घेऊन गेला. आठवडाभरात छायाच्या फोनवर लाल रंगाच्या स्कूटीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'रंग चालते का इचारजो.'

छाया तो फोटो घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. ती हसत नव्हती. "माहा भाऊ हाये तो," ती म्हणाली. "तुमी खरंच रुसले नाई, हे मले माहीत हाये. त्याईले कसं सांगू? उद्या लोक म्हनतीन, छायाच्या नवऱ्यानं म्हातारपनी माहेराले पिळलं."

हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी माझ्या मानाचं पाहत होतो आणि तिकडे तिचा मान खर्ची पडत होता. आता तिथे जाऊन मुकाट्यानं जेवावं आणि देतील ते घ्यावं, की फोटो काढून दाखवावा? पहिल्यात सगळे सुखी होते, मी सोडून. दुसऱ्यात शटर आडवं येत होतं. मी स्वयंपाकघरात येऊन बसलो आणि तिला सगळं पुन्हा समजावून सांगू लागलो, की बघ, उजेड आत जातो हे ठीक, पण तो जाणं थांबायला हवं, आणि थांबवणारं कोणी नाही. ती दूध उतरवत होती. पातेल्यावर झाकणी ठेवत म्हणाली, "उघडं हाये तर वरून झाका ना."

तर कॅमेऱ्याच्या तोंडावर झाकण ठेवून फोटो काढण्याची ही कल्पना मला सुचली. सुचताना छाया जवळ उभी होती एवढंच. शटर उघडं तर उघडं; तोंडावर झाकण असलं की आत अंधार. झाकण काढलं की फोटो सुरू, पुन्हा लावलं की संपला. भिंगामागचं छिद्र अगदी बारीक करून, घरातल्या मंद उजेडात, मनातल्या मनात सावकाश दहा म्हणेपर्यंत वेळ मिळतो. माझ्या कॅमेऱ्याचं मूळ झाकण गिरडच्या टेकडीवर कधीच घरंगळून गेलं होतं, पण न उघडणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं झाकण त्याला चपखल बसलं. म्हणजे त्याचाही पैसा वसूल. दुरुस्ती नको आणि बदलीही नको. फक्त एक अट होती. झाकण काढल्यापासून लावेपर्यंत समोरच्या माणसांनी हलायचं नाही. आणि समोर तळेगावची माणसं असणार होती.

माझ्या सासुरवाडीविषयी मी आदरानंच बोलेन. पण त्या घरात कोणी गप्प बसलेलं कोणी पाहिलेलं नाही. तिथे दोन माणसं एकाच वेळी बोलतात आणि तिसरा दोघांना एकदम उत्तर देतो. सासरे वासुदेवराव झोपेतही शेतावरच्या माणसाला रागावतात.

धोंडजेवणाच्या दिवशी आम्ही पोचलो. रोशन रोल घेऊन पुण्याहून आला होता. अंगणात लाल स्कूटी उभी, तिला झेंडूचा हार. बैठकीत सगळं घर जमलेलं, कोपऱ्यात तोच कूलर विमानासारखा आवाज करत चाललेला. पाण्याचे पेले पुढे आले; मी हात जोडले. घसा कोरडा पडला होता. आतून तळणाचा वास येत होता. भागीरथाबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं आणि वासुदेवराव पुढे सरसावले.

"जवाईबापू, आता पाहुण्यारावळ्यात शोभा नका करू. मांगा काय मांगाचं ते. मी शब्द देतो, मांगं हटनार नाई."

"मामाजी, नक्की?"

"नक्की."

"मग मला या घराची शांतता द्या. मी झाकण काढून परत लावेपर्यंत कोणी बोलायचं नाही आणि कोणी हलायचं नाही. दुसरं मला काही नको. ती स्कूटीही नको. मी रुसलो नव्हतो हो, मला फक्त तुमचा फोटो काढायचा आहे. याच कॅमेऱ्यानं."

घर स्तब्ध झालं. ज्याच्यासाठी मी आलो होतो ती शांतता तिथेच मिळाली होती, पण कॅमेरा अजून खोक्यात होता. मग सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आदेश माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊजी, स्कूटीच घ्या ना."

पण वासुदेवरावांचा शब्द गेला होता. कूलर बंद करावा लागला, कारण त्याच्या वाऱ्यानं पडदे आणि पदर हलत होते. ज्येष्ठातल्या दुपारी चालता कूलर बंद करणारा जावई त्या घरानं पाहिला नव्हता. दोन रांगा केल्या, बायका पुढे, पुरुष मागे, मधे वासुदेवराव आणि भागीरथाबाई. पहिल्यांदा नुसती तालीम घेतली. मी 'आता' म्हणताच वासुदेवराव म्हणाले, "आता बोलू नोका रे कोनी." दुसऱ्या तालमीत ते बोलले नाहीत म्हणून सगळे हसले. तिसऱ्यांदा आदेशनं शेजाऱ्याला विचारलं, श्वास घेतला तर चालते का, आणि त्यावर मतं मांडली गेली. मी घामानं चिंब, तोंडाला कोरड, पण आवाज चढवला नाही. माझ्यातला फोटोग्राफर जागा झाला होता, आणि फोटोग्राफर समोरच्यावर कधी ओरडत नाही. ओरडलं की ते चेहऱ्यावर उतरतं.

सगळं जमलं आणि मी झाकण काढणार, तर भागीरथाबाई उठल्या. "जवाईबापू काऊन नाई फोटोत? धोंडा कोनाचा हाये?"

"मी काढणारा आहे, मामीजी."

"ते काई नाई. तुमी नसान तर आमी बसत नाई." त्यांनी आपल्या शेजारी एक खुर्ची मांडून घेतली आणि सगळं घर त्यांच्या बाजूनं उभं राहिल्यासारखं माझ्याकडे पाहू लागलं.

मग मी ठरवलं. झाकण काढलं, धोतराचा सोगा सावरत खुर्चीकडे धावलो, बसलो, समोर पाहिलं. आणि ते घर गप्प होतं. माशीचासुद्धा आवाज नव्हता. वासुदेवरावांनी मिशी घट्ट दाबून धरली होती, आदेशच्या कानाशेजारून घामाचा थेंब ओघळत होता आणि तो पुसत नव्हता, छायाची नजर सरळ त्या काळ्या भिंगावर होती. एवढी सगळी मोठ्या आवाजाची माणसं माझ्या शब्दाखातर दगडासारखी बसली होती. मला फार अभिमान वाटला. कॅमेऱ्याचा वाटला आणि या माणसांचाही. तो नीट वाटून होण्याआधीच उठलो, धावलो आणि झाकण लावलं.

"झालं," मी म्हणालो, आणि एका क्षणात सगळं घर एकदम बोलायला लागलं. कोणीतरी कूलर लावला. भागीरथाबाईंनी स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या माझ्यापुढे धरला. रिकामा होईपर्यंत मी तो खाली ठेवला नाही. त्यानंतर मी किती अनारसे खाल्ले ते विचारू नये. स्कूटी आदेशच्या बायकोनं ठेवून घेतली. तिचा त्या स्कूटीवर पहिल्यापासूनच डोळा होता, असं छायाचं म्हणणं.

रोल रोशन पुण्याला घेऊन गेला. फोटो मोठा करून आला तेव्हा मी तो आधी एकट्यानं पाहिला. अप्रतिम आला होता. वासुदेवरावांच्या मिशीचा केस न् केस, भागीरथाबाईंच्या लुगड्याचा काठ, आदेशच्या गालावरचा थेंब. कोणी हललं नव्हतं. हललो होतो फक्त मी. मधल्या खुर्चीवर पाणी घातलेल्या ताकासारखं काहीतरी बसलेलं होतं, त्याला माझा चष्मा होता, आणि त्याच्या छातीतून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं.

तळेगावकरांनी हौसेनं फ्रेम करून तो बैठकीत लावला. आणि चारच दिवसांनी भर दुपारी छायाचा फोन वाजला. त्यांच्या गावच्या जिजाबाई, दूरच्या नात्यातल्या, रडत होत्या. "छाया, माय, समजलं नाई वो आमाले. कधी झालं? फोटोत पाह्यलं अन् काळीज फाटलं. कसे पातळ दिसून राह्यले बिचारे." मी समोर बसून आंबा खात होतो. छायानं फोन माझ्या कानाला लावला. मी 'नमस्कार' म्हटलं आणि पलीकडून फोन पडल्याचा आवाज आला.

माझा मान दुखावला, नाही असं नाही. आख्ख्या गावानं मला मेलेला समजावं? मी तडक सासूबाईंना फोन लावला. पण त्यांच्याकडे आधीच माणसं येऊन बसली होती आणि त्यांनी गडबडीत फोन उचलून तसाच मांडीवर ठेवला असावा, कारण मला सगळं बोलणं ऐकू येत होतं. कोणीतरी हळहळत विचारत होतं, चांगला माणूस होता, काय झालं होतं? आणि भागीरथाबाईंचा आवाज आला. रागावलेला, पण त्यात मी आजवर न ऐकलेलं काहीतरी होतं.

"मेले नाई वो बाई," त्या म्हणत होत्या. "कामात व्हते."

मी फोन तसाच कानाशी धरून बसलो. माझ्या सासूबाईंनी, मी कामात होतो, असं चारचौघांत सांगण्याची ही पहिलीच वेळ होती.